आयर्लंडमधली शेफची नोकरी: मालक बदलण्याआधी किचन कुठल्या प्रकारचं ते बघ

साताऱ्याच्या एका मुलाने विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या एका हॉटेलात त्याची तीन वर्षं झाली आहेत. आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या एका हॉटेलाने शेफ द पार्टीची, म्हणजे किचनच्या एका विभागाच्या शेफची, ऑफर दिली आहे. पगार वर्षाला ३४,००० युरो, राहायची सोय हॉटेलची. जाऊ का, आणि नाहीच जमलं तर नोकरी बदलता येते का, असा त्याचा प्रश्न. मित्र म्हणतात, काही महिने काढ आणि डब्लिनला सटक.

मी २००२ पासून या देशाच्या किचनांमध्ये उभा आहे. सुरुवात केरीतच झाली, मग डब्लिनमधलं रेस्टॉरंट, मग ऑफिसचं कँटीन, आणि गेली बरीच वर्षं एका नर्सिंग होमचं किचन सांभाळतो. वयाने तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो.

ये, असंच सांगेन. फक्त पगाराचा आकडा बघून हो म्हणू नकोस, रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, मागवून घे. आणि नोकरी बदलायची वेळ येईल तेव्हा एका हॉटेलातून शेजारच्या हॉटेलात जाऊन फार काही हाती लागत नाही. शेगडी तीच, शनिवार-रविवार तसेच, फक्त ओरडणारा हेड शेफ वेगळा. माझं आयुष्य दर वेळी बदललं ते किचनचा प्रकार बदलला तेव्हा.

आधी तुझा हिशोब करू. ३४,००० ऐकून घरच्यांनी शंभरने गुणून पाहिलं असेल. पण जनरल परमिटसाठी, म्हणजे तुला लागणाऱ्या कामाच्या परवान्यासाठी, जानेवारी २०२४ पासून किमान पगारच ३४,००० होता, आणि मार्च २०२६ पासून तो वाढला आहे. म्हणजे हॉटेलने उदारपणे काही दिलेलं नाही, जुन्या नियमाला जेवढे लागत होते तेवढेच दिलेत. हा किमान आकडा सरकार टप्प्याटप्प्याने वाढवत नेतंय, म्हणून अर्ज करायच्या दिवशी परमिट देणाऱ्या खात्याच्या साइटवर पुन्हा बघ. हा पगार आठवड्याला ३९ तास धरून मोजतात. त्या हिशोबाने तासाला पावणेसतरा युरो पडतात, वाईट नाहीत. आता हॉटेलने तुला ‘सॅलरी’वर ठेवलं आणि उन्हाळ्यात आठवड्याला ५५ तास राबवलं, तर तोच दर तासाला बारा युरोंच्याही खाली येतो. आणि देशाचं किमान वेतन २०२५ मध्ये १३.५० युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १४.१५ आहे. म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर शेफ द पार्टी आणि हातात तासाला भांडी घासणाऱ्या केपीपेक्षा (किचन पोर्टरपेक्षा) कमी. तेव्हा पहिला ईमेल असा पाठव: पगार तासावर आहे की ठोक? ३९ तासांच्या वरच्या तासांचे पैसे मिळतात, की बदल्यात सुट्टी मिळते? रविवारचं जादा काय देता? गेल्या जुलै-ऑगस्टचं एक खरं रोस्टर पाठवाल का? चांगलं हॉटेल पाठवतं. जे चिडतं त्याने तुझं उत्तर देऊन टाकलेलं असतं.

कायदा तसा तुझ्या बाजूचा आहे. आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा, दोन शिफ्टमध्ये ११ तासांची विश्रांती, साडेचार तासांनी १५ मिनिटांचा ब्रेक, वर्षाला चार आठवडे रजा आणि शिवाय दहा सार्वजनिक सुट्ट्या. दहावी सुट्टी २०२३ पासूनची, बाकीचं १९९७ पासून कागदावर आहे. मी आलो तेव्हा किचनमध्ये हा कायदा कुणी उच्चारत नसे. आता उच्चारतात, कारण २०१५ पासून वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन आहे, त्यांचे इन्स्पेक्टर न सांगता येतात आणि तासांच्या नोंदी मागतात. तरीही तुझे तास तूच वहीत लिहून ठेव. रोज, आल्याची आणि गेल्याची वेळ. हॉटेलच्या अॅपवर विसंबू नकोस.

आता केरी. मी आलो त्या वर्षी युरोच्या नोटा नव्याकोऱ्या होत्या, किमान वेतन सहा युरोंच्या आसपास, आणि किलार्नी म्हणजे हॉटेलांचंच गाव. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत अमेरिकन पर्यटकांच्या बसेस लागायच्या. सकाळी सहाला ब्रेकफास्ट लावायचा: रॅशर (बेकनचे काप), सॉसेज, काळं आणि पांढरं पुडिंग (हेही सॉसेजच, गोड नव्हे), टोमॅटो, अंडी, सोडा ब्रेड. साडेआठला बसेस रिंग ऑफ केरीच्या सहलीला निघाल्या की किचन क्षणभर शांत होई आणि लगेच दुपारच्या कार्व्हरीची तयारी. कार्व्हरी तुला पुण्यात दिसली नसेल. मोठे भाजलेले मांसाचे रोस्ट, गिऱ्हाईक ताट घेऊन रांगेत, शेफ समोर उभा राहून काप काढून देणार. वर ग्रेव्ही, गाजर, कोबी, आणि बटाटे. एकाच ताटात मॅश, रोस्ट आणि ग्रॅटिन असे तीन तऱ्हेचे बटाटे घेणारी माणसं मी पहिल्यांदा इथे पाहिली. आणि बटाट्याची पारख अशी, की आपल्याकडे आंब्याची असते. पिठूळ हवा, उकडल्यावर साल फुटून आतून भुसभुशीत दिसायला हवा. रूस्टर चालतो, केर्स पिंक आला तर म्हातारी माणसं खूश. चिकट बटाटा पाठवला तर ताट परत येई, मटण कितीही सुरेख असो. आमच्या हेड शेफने पहिल्या आठवड्यात मला सॉस वगैरे काही करायला दिलं नाही, बटाटेच दिले. मला तो अपमान वाटला होता. आज माझ्याकडे नवा मुलगा आला की मीही तेच करतो.

शुक्रवार-शनिवारी लग्नं. अडीचशे ताटं, निवड दोनच: बीफ की सॅमन. पासवर, म्हणजे ताटं जिथून बाहेर जातात त्या ओट्यावर, सगळं किचन एका रांगेत, एकाने मांस, दुसऱ्याने भाजी, तिसऱ्याने सॉस, शेवटचा कडा पुसून हॉटबॉक्समध्ये सरकवतो. रात्री अकराला पाहुण्यांना पुन्हा भूक लागते, तेव्हा चहा, सँडविच, कॉकटेल सॉसेज. या मापाचं काम आयर्लंडच्या हॉटेलात शिकशील तितकं इथल्या रेस्टॉरंटमध्ये शिकणार नाहीस. लग्नांच्या जोडीला मयतं. इथे अंत्यविधी दोन-तीन दिवसांत उरकतो, आणि कबरीवरून माणसं सरळ हॉटेलात येतात सूप-सँडविचला, कधी पूर्ण जेवायला. केरीच्या रेडिओवर रोज मृत्यूच्या बातम्या वाचतात. आमचा सू शेफ, म्हणजे हेड शेफच्या खालचा, त्या वेळी आवाज मोठा करायचा आणि गेलेल्याचं आडनाव, गाव आणि किती मुलं ते ऐकून किती सूप लागेल त्याचा अंदाज बांधायचा. क्वचितच चुकला.

मी कुडाळकडचा, त्यामुळे एक गोष्ट मला कधीच पटली नाही. या देशाच्या किनाऱ्याला बांगडा इतका लागतो, आणि लोक त्याला गरिबाचा मासा म्हणून नाकं मुरडतात. बराचसा परदेशी जातो. आमच्या स्टाफच्या घरात मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायचो. पोलिश मुलं आधी खिडक्या उघडायची, नंतर भाकरीऐवजी पाव घेऊन पंगतीला बसायची. २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, तेव्हा सहकाऱ्यांनी मला विचारलं, हा तुझा कोण? मी सांगितलं, गाववाला. त्या आठवड्यात स्टाफच्या जेवणात बांगडा मागून घेतला गेला.

पण ही मौज उन्हाळ्याची. नोव्हेंबरनंतर बसेस थांबतात. डिसेंबरात ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत हॉटेल अर्धं झोपतं. काही तर बंदच राहतात. तासावरच्या माणसाचे तास कापले जातात. तुला परमिटवर आणलंय म्हणजे पगार तेवढा द्यावाच लागतो, तरी ‘हिवाळ्यात हॉटेल सुरू असतं का’ हेही विचार.

नोकरी बदलण्याचं. मी आलो तेव्हा परमिट माझ्या नावावर नव्हतंच. मालक अर्ज करायचा, मालकाला मिळायचं, एका वर्षाचं. मालक बदलायचा तर नवा मालक शोधा, त्याने पहिल्यापासून सगळा अर्ज करावा, तोवर जुन्याला कळू देऊ नका. मे २००४ मध्ये दहा नवे देश युरोपीय संघात आले आणि पोलंड, लिथुएनियाहून हजारो मुलं परमिटशिवाय कामाला आली. मग माझ्यासाठी कागदपत्रांची कटकट कोण घेणार? २००५ मध्ये डब्लिनच्या एका मालकाने घेतली, कारण त्याच्याकडे मासे सोलणारा हात हवा होता. परमिट कामगाराच्या नावावर द्यायला लागले २००७ पासून. त्यानंतरही पहिल्या मालकाकडे साधारण वर्ष काढल्याशिवाय दुसऱ्यासाठी अर्ज करता येत नसे.

आता चित्र पुष्कळ बरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे पहिल्या परमिटवर नऊ महिने झाले की नव्याने परमिट न काढता मालक बदलायला परवानगी मागता येते. काम मात्र त्याच प्रकारचं हवं. शेफचा शेफ राहशील. शेफच्या परमिटवर वेटर, बारमन किंवा मॅनेजर होता येत नाही. कॉमी शेफला, म्हणजे सगळ्यात खालच्या शिकाऊ शेफला, तर जनरल परमिट मिळतच नाही. शेफ द पार्टीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, सू शेफ आणि हेड शेफला पाच. म्हणून पुण्याच्या हॉटेलचं अनुभवपत्र हुद्दा आणि तारखांसकट आत्ताच घेऊन ठेव, नोकरी सोडल्यावर एचआरवाले फोन उचलत नाहीत. आणि मालकाने जागाच कमी केली, म्हणजे तुला रिडंडंट केलं, तर घाबरून विमान पकडू नकोस. चार आठवड्यांत खात्याला कळवायचं, मग सहा महिने नवी नोकरी शोधायला मिळतात. पाचेक वर्षं परमिटवर झाली की स्टॅम्प ४ या राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, त्यानंतर परमिटच लागत नाही. खरं स्वातंत्र्य तिथून सुरू होतं.

डब्लिनच्या त्या रेस्टॉरंटमध्ये मी स्वयंपाक शिकलो, हे मान्य करायला हवं. छोटं किचन, रोज बदलणारा मेन्यू, पासवर डॉकेटची, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, माळ, शुक्रवारी रात्री दोन पूर्ण पाळ्या जेवून जायच्या. पण दुपारी तीन ते पाच मोकळे आणि रात्री पुन्हा बारापर्यंत, याला इथे स्प्लिट शिफ्ट म्हणतात, आणि त्या दोन तासांत माणूस घरीही जाऊ शकत नाही नि झोपूही शकत नाही. तरुणपणी चालतं. टिप्स वेटरांच्या खिशात. किचनला काय द्यायचं ते मालकाच्या मर्जीवर. डिसेंबर २०२२ पासून टिप्सचा कायदा आहे, वाटप कसं होतं ते मालकाला लिहून लावावं लागतं, आणि कार्डाने आलेल्या टिप्स त्याला ठेवून घेता येत नाहीत. मुलाखतीला गेलास की ती पाटी भिंतीवर आहे का बघ.

मग २००८ आलं. आधी मंगळवार बंद, मग सोमवार-मंगळवार बंद, मग दुपारचं जेवण बंद, मग पगार दहा टक्के कमी. एका सकाळी आम्ही दाराशी जमलो तर कुलूप बदललेलं. मालकाचा फोन लागेना. त्या वर्षांत डब्लिनमध्ये असं पुष्कळांचं झालं. दोन वर्षांहून जास्त नोकरी झालेली होती म्हणून कायद्याने रिडंडन्सीचे पैसे लागू होते: वर्षाला दोन आठवड्यांचा पगार आणि वर एक आठवडा. मालक देऊ शकत नसेल तर सरकारी निधीतून मिळतात. मिळालेही, पण कित्येक महिन्यांनी, आणि शेवटच्या दोन आठवड्यांचा पगार कायमचा बुडाला. माझी पाच वर्षं तोवर भरलेली होती, म्हणून देशात राहता आलं. माझ्याबरोबरचा बांगलादेशी तंदूरवाला परमिटवर होता, त्याला परत जावं लागलं. दोघांचा हात सारखाच चांगला होता. फरक फक्त स्टॅम्पचा. म्हणून सांगतो, पहिली पाच वर्षं मालक निवडताना त्याचा मेन्यू जितका बघशील तितकंच त्याचं दुकान टिकेल का तेही बघ.

कँटीनची वर्षं थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. मोठ्या कंपन्या आपल्या कँटीनचं काम कॅटरिंग कंपनीला देतात. सकाळी साडेसहा ते तीन, सोमवार ते शुक्रवार, सॅलड बार, सूप, दोन गरम पदार्थ, आणि दर डोई खर्चाचा एक आकडा जो ओलांडायचा नाही. स्वयंपाक यथातथाच. पण रविवारी सकाळी मी पहिल्यांदा घरी होतो, आणि मुलाला फुटबॉलला घेऊन गेलो. एक गंमत इथे घडली: कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं, आणि आम्ही सगळे त्याच शेगडीसमोर उभे राहून दुसऱ्या मालकाचे झालो. कायद्याप्रमाणे जुनी वर्षं, पगार, रजा सगळं नव्या मालकाला तसंच पुढे न्यावं लागतं. अशी बदली झाली तर नवं कॉन्ट्रॅक्ट वाचल्याशिवाय सही करू नकोस, कारण ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून नवे तास गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. परमिटवर असशील तर खात्यालाही कळवायला सांग.

नर्सिंग होममध्ये मी आलो तेव्हा जुने सहकारी हसले होते. शेफ रिटायर व्हायला जातात तिथे, असा समज. मला तरी सगळ्यात अवघड स्वयंपाक तिथे शिकायला मिळाला. साठ माणसं, वय ऐंशीच्या पुढे, रोज तीच माणसं, दिवसातून तीन वेळा, आणि त्यांना दुसरीकडे जेवायला जाता येत नाही. मुख्य जेवण दुपारी साडेबाराला, त्याला ही पिढी डिनरच म्हणते. साडेचारला ‘टी’, म्हणजे चहाबरोबर हलकं जेवण. शुक्रवारी मासे ठरलेले. बेकन-कोबीवर पार्स्ली सॉस नसला तर तक्रार येते, आणि ती तक्रार बरोबर असते.

यातल्या पुष्कळांना गिळायला त्रास होतो. स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट प्रत्येकाची पातळी ठरवते आणि किचनने ती तंतोतंत पाळायची. पातळी ४ म्हणजे पूर्ण गुळगुळीत वाटलेलं. पातळी ५ मध्ये कण चार मिलिमीटरचे, काट्याच्या दातांमधून जाणारे. पातळी ६ मध्ये मऊ तुकडे, दीड सेंटीमीटरपर्यंत. एखाद्याच्या ताटात चुकून टोस्टचा तुकडा गेला तर माणूस गुदमरतो; इथे कच्चं चिकन वाढण्याइतकाच तो गुन्हा आहे. आणि तरीही त्या वाटलेल्या जेवणाला चव हवी, रंग हवा. गाजर, मटण आणि बटाटा वेगवेगळं वाटायचं, एकत्र लगदा करायचा नाही. वजन उतरत असलेल्यांना लोणी, साय, दुधाची भुकटी घालून घासागणिक पोषण वाढवायचं. हिका, म्हणजे नर्सिंग होम तपासणारी सरकारी संस्था, तिचे इन्स्पेक्टर येतात, ते फ्रीजचं तापमान बघतातच, पण जेवणाच्या खोलीत बसून माणसं कशी जेवतात तेही बघतात. इतक्या वर्षांत रेस्टॉरंटमध्ये मला एवढा बारीक परीक्षक भेटला नव्हता.

नर्सेस बहुतेक केरळच्या, काही फिलिपिनो. स्टाफच्या जेवणाला मी नारळाच्या वाटणाची आमटी केली की किचनच्या दाराशी गर्दी. हळूहळू दोन-तीन आजोबाही मागायला लागले, ‘हाफ अँड हाफ’ द्या म्हणून, म्हणजे करीखाली अर्धा भात, अर्धे चिप्स. ही इथल्या चायनीज टेकअवेची रीत. मालवणी आमटीवर चिप्स बघून आई काय म्हणाली असती कोण जाणे, पण आजोबा ताट चाटूनपुसून खायचे.

२०२० च्या मार्चमध्ये पब आणि रेस्टॉरंट बंद झाली. माझे मित्र घरी बसले, सरकार आठवड्याला ३५० युरो देत होतं. आमचं किचन एक दिवसही बंद नव्हतं. जेवणाची खोली बंद, प्रत्येक ताट झाकून खोलीच्या दाराशी. पहिल्या लाटेत या देशात कोविडने गेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं नर्सिंग होम्समधली होती. आमच्याकडे कुणाला काय चालतं याचा एक फळा असतो. त्यावरची नावं पुसायचं काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. याहून जास्त लिहीत नाही.

त्या काळात घरी बसलेल्या पुष्कळ शेफना कळलं, की संध्याकाळी मुलांबरोबर जेवता येतं. हॉटेलं उघडली तेव्हा ते परतलेच नाहीत. कुणी ट्रक चालवतो, कुणी कारखान्यात आहे. तुला पुण्यात ऑफर आली आहे त्यामागे हे मोठं कारण आहे. गरज त्यांना आहे. ईमेल लिहिताना आवाज त्या हिशोबाने ठेव.

आता माझा सल्ला. केरीला ये आणि एक पूर्ण सीझन कर, तुझे मित्र काहीही म्हणोत. ब्रेकफास्ट, कार्व्हरी आणि फंक्शन या तिन्ही विभागांत फिरायला माग. ३४,००० वर कर जाऊन हातात महिन्याला साधारण २,४०० युरो येतील. डब्लिनमध्ये नुसत्या एका खोलीला ८०० ते १,००० सहज जातात, तीही मिळाली तर. केरीत हॉटेलची खोली असेल तर आठवड्याला किती कापणार, खोलीत किती जण, आणि नोकरी सोडली तर खोली किती दिवसांत सोडायची, हे लेखी घे. हा शेवटचा मुद्दा मुलं विचारत नाहीत. राजीनामा दिला की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्पर जातं आणि मग मिळेल ती नोकरी घ्यावी लागते. खोली आधी, नोटीस नंतर.

नऊ महिने झाले की स्वतःला विचार, पुढे काय व्हायचंय. स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं असेल, हात तयार करायचा असेल, तर डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेच्या चांगल्या छोट्या किचनमध्ये जा आणि स्प्लिट शिफ्ट सोस. तिशीत नर्सिंग होमला येऊ नकोस. ग्रिलवरचा आणि सॉसवरचा हात तिथे बोथट होतो, माझा झाला. बायको-मुलं आणायची असतील तर कँटीन, हॉस्पिटल, नर्सिंग होम बघ. जनरल परमिटवाल्याला एका वर्षानंतर कुटुंबासाठी अर्ज करता येतो, पगार पुरेसा आहे का ते बघतात, आणि मे २०२४ पासून जोडीदारालाही इथे काम करायची मुभा आहे. दोन पगार आल्याशिवाय या देशात संसार होत नाही.

शोधायची वेळही असते. हॉटेलं इस्टरच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत भरती करतात. सीझन संपला की ऑक्टोबरात जागा निघतात. डिसेंबरात किंवा गॉलवेच्या घोड्यांच्या रेसच्या आठवड्यात नोटीस देऊ नकोस. कायद्याने एक आठवड्याची नोटीस पुरते, कॉन्ट्रॅक्टमध्ये बहुधा महिना असतो, आणि महिना द्यावा. हा देश लहान आहे, नवा हेड शेफ जुन्या हेड शेफला फोन करतोच, बऱ्याचदा दोघे एकत्र शिकलेले असतात. मुलाखतीनंतर एक शिफ्ट ट्रायल म्हणून उभं राहायला सांगतील. तेव्हा पदार्थाइतकंच बघ की फ्रीजमध्ये तारखांची लेबलं आहेत का, आणि केपीशी शेफ कसा बोलतो.

आपल्या माणसांच्या रेस्टॉरंटबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. काही उत्तम आहेत. काही ठिकाणी पासपोर्ट ‘सांभाळायला’ घेतात, अर्धा पगार बँकेत आणि त्यातला काही रोखीत परत मागतात. पासपोर्ट ठेवून घेणं आणि परमिटचा किंवा भरतीचा खर्च पगारातून कापणं दोन्ही बेकायदा आहे, मालक आयरिश असो की आपला. आणखी एक: कुठल्याही धंद्यात निम्मे कर्मचारी युरोपीय संघाचे किंवा त्या गटातले असल्याशिवाय नवं परमिट सहसा मिळत नाही. छोट्या भारतीय रेस्टॉरंटची गाडी इथेच अडते. एजंट तिथल्या परमिटची खात्री देत असेल तर हा एकच प्रश्न विचार आणि तो कसा अडखळतो ते बघ. दोन वर्षांच्या परमिटची सरकारी फी १,००० युरो आहे. त्यापुढे एजंट जे लाख मागतो आहे ते सरकारकडे जात नाहीत.

आल्या आल्या पीपीएस नंबर (कर आणि सरकारी कामांसाठीचा तुझा नंबर) काढ आणि रेव्हेन्यूकडे, म्हणजे करखात्याकडे, नोकरी नोंदव, नाहीतर इमर्जन्सी टॅक्स लागून पहिला पगार चाळीस टक्क्यांहूनही जास्त कापून येऊ शकतो. तो परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात घरी काय पाठवणार? सोबत दोन महिन्यांचा खर्च आण. सुऱ्यांचा रोल चेक-इनच्या बॅगेत टाक. तिरफळं डब्लिनच्या दुकानांत मला अजून सापडलेली नाहीत, ती आईकडून सुकवून घे. आणि हॉटेलने रोस्टर पाठवलं की इथेच खाली लिही, तास आपण दोघे मिळून मोजू.